उपडी ठेवलेली ताटं

विजया गेल्याचं सायलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी शाळेत होते. मधली सुट्टी चालू होती आणि पोरांचा एवढा गलका होता की मी दोन-तीनदा "काय? काय म्हणालीस?" असं ओरडले. सायली ही विजयाची एकुलती एक मुलगी. बिचारीला तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. "मावशी, आई गेली..." हातातला खडू तसाच धरून मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. दुखणं काय आहे ते ठाऊक होतं, डॉक्टरांनी बोलून दाखवलं होतं, आदल्याच रविवारी मी तिला भेटूनही आले होते. उशीला टेकून बसली होती. आवाज अगदी खोल गेलेला, तरी मला म्हणते कशी, "पुष्पे, तुमच्या मराठी शाळेची पटसंख्या घसरते म्हणतेस, मग इंग्रजीवाल्यांशी हरीफाई करताय की नुसत्या रडताय?" हरीफाई म्हणजे आमच्या सुरतेकडच्या बोलण्यात स्पर्धा. आता बोला! बाई अंथरुणाला खिळलेली आणि डोक्यात बाजार. मी चिडले, ती हसली, हसताना तिला ठसका लागला आणि सायलीने पाणी दिलं. तेच आमचं शेवटचं बोलणं. एवढे दिवस लिहायला धीर होत नव्हता, आज बसले आहे.

आमची ओळख कॉलेजातली, नव्वदच्या दशकातली. आम्ही मूळचे अकोल्याकडचे, बौद्ध. वडील रेल्वेत होते म्हणून सुरतेला आलो. विजया खानदेशातली. तिचे वडील लूमवर कामाला म्हणून सुरतेत आले आणि ती शाळेत असतानाच वारले. मग तिच्या आईने, यमुनामावशींनी, भेस्तानमधल्या आपल्या दोन खोल्यांत खानावळ घातली. सुरतेत तिला वीशी म्हणतात. लूमवरचे एकटे राहणारे कारीगर पाळी सुटली की तिथे जेवायला यायचे. आम्ही दोघी मराठी शाळेतून निघालेल्या आणि कॉलेज सगळं गुजरातीत. पहिलं वर्षभर मी वर्गात मख्खासारखी बसायचे. विजया मात्र गल्लीत शिकलेल्या गुजरातीत बेधडक प्रश्न विचारायची, आणि चुकलं तर स्वतःच आधी हसायची. मला ती आवडली ती यामुळेच. घरी आईशी अहिराणी, माझ्याशी पुस्तकी मराठी, सरांशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी... आणि भांडायचं असलं की चारही एकदम.

शेवटच्या वर्षाला जरीवाला सर आम्हांला औद्योगिक अर्थशास्त्र शिकवायचे. उंच, किडकिडीत, शर्टावर कायम खडूची पूड. ते बाजाराचे चार प्रकार फळ्यावर चार चौकोनांत मांडायचे. पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी, मक्तेदारीयुक्त स्पर्धा आणि मोजक्या विक्रेत्यांचा बाजार. विकणारे किती, माल सारखा की वेगवेगळा, नव्याला आत शिरता येतं की नाही, आणि भाव कोण ठरवतं, एवढे प्रश्न विचारा आणि कुठलाही धंदा उचलून त्या त्या चौकोनात ठेवा, असं ते सांगायचे. मला हे परीक्षेपुरतं पुरे होतं. विजयाला मात्र त्याचं वेडच लागलं. कॉलेजातून परतताना ती वाटेतलं जे दिसेल ते चौकोनात टाकायची. वीज कंपनी? मक्तेदारी. पानवाले? मक्तेदारीयुक्त, कारण प्रत्येकाचा कात वेगळा. कापडाला रंग देणारी प्रोसेस हाउसं? मोजके विक्रेते, आणि आतून एकमेकांना धरून. एकदा तिने रिक्षावाल्यालाच विचारलं, "भाई, तुम्ही सगळे मिळून भाडं ठरवता ना?" तो म्हणाला, "बेन, उतरायचं आहे का इथेच?" मी लाजेने मेले, ती मात्र मान डोलावत होती, जणू त्याने बरोबर उत्तर दिलं.

तिच्या घरी मी पहिल्यांदा जेवले ती आठवण सांगितल्यावाचून पुढचं कळायचं नाही. यमुनामावशींनी कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली, पोटभर जेवू घातलं. पुढच्या वेळी गेले तर म्हणाल्या, "पुष्पा, तुनं ताट येगळं काढी ठेयेल शे." माझं ताट वेगळं काढून ठेवलंय... आमच्या घरात या शब्दांना काय इतिहास आहे ते मी वेगळं सांगायला नको. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "उपाशी राहा, पण त्या दारात पुन्हा जाऊ नकोस." मी कॉलेजात विजयाशी बोलेनाशी झाले. तिने कारण काढून घेतलं, हाताला धरून मला भेस्तानला नेलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीपुढे उभं केलं. फळीवर ओळीने स्टीलची ताटं, प्रत्येकावर नाव कोरलेलं. जेवणाऱ्यांची नावं, विजयाचं नाव, यमुनामावशींचं स्वतःचं नाव, आणि शेवटी माझं. सगळी गुजराती अक्षरांत, कारण नावं घालणारा गुजराती. "इथे सगळ्यांचंच वेगळं असतं गं येडे," विजया म्हणाली आणि तिचेच डोळे भरले. मी त्या ताटात जेवले. माझ्या आईला हे पटायला मात्र बराच काळ लागला.

त्या गल्लीत खानदेशी बायकांच्या बऱ्याच खानावळी होत्या. जेवणाऱ्यांना त्या मेंबर म्हणायच्या. त्यांचे काही रिवाज होते. महिन्याचा दर सगळीकडे एकच. एकीचा मेंबर दुसरीने तिला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि एखादी आजारी पडली, बाळंत झाली, गावी गेली, तर तिचे मेंबर बाकीच्या वाटून घ्यायच्या, जेवू घालायच्या आणि ती उभी राहिली की परत द्यायच्या. तेवढे दिवस त्या मेंबरांची ताटं मूळ घरीच फळीवर उपडी ठेवलेली असत. उपडं ताट म्हणजे जेवणारा परत येणार आहे, त्यात दुसऱ्या कुणाला वाढायचं नाही. या सगळ्या बायकांत कमलमावशी वडीलधाऱ्या. आडव्या बांध्याच्या, जिभेने तिखट, आणि गल्लीचा दर ठरायचा तो त्यांच्याच ओट्यावर.

जरीवाला सरांनी सेमिनारसाठी प्रत्येकाला एक बाजार निवडायला सांगितला. व्यापाऱ्यांच्या पोरांनी कापड घेतलं, हिरे घेतले. विजया उभी राहिली आणि तिने आपली गल्ली मांडली. मी पहिल्या बाकावर होते, मला तिचा प्रत्येक शब्द आठवतो. ती म्हणाली, वरवर बघितलं तर ही पूर्ण स्पर्धा. विकणाऱ्या पुष्कळ, भाकरी सगळ्यांची सारखी, आणि चूल मांडली की कुणीही धंद्यात शिरावं. पण भाव बांधलेला आहे, गिऱ्हाईक वाटून घेतलेलं आहे, म्हणजे जेवणाऱ्याला निवड नाही. पुस्तकाच्या भाषेत हे संगनमत आहे. खुली हरीफाई झाली तर कारीगराला जेवण स्वस्त मिळेल. सर खुर्चीतून उठले. "बहु सरस! आ तो कार्टेल थई गयुं!" कार्टेल म्हणजे तेच, विकणाऱ्यांचं संगनमत. त्यांनी तिची लिहिलेली पानं मागून घेतली आणि कॉलेजच्या भित्तिपत्रिकेत लावली. विजया त्या दिवशी इतकी आनंदात होती की तिने मला स्टेशनजवळ लोचो खाऊ घातला.

भिंतीवर लागलेली गोष्ट भिंतीवर थोडीच राहते? वर्गातल्या एका मुलाचा थोरला भाऊ कमलमावशींकडेच मेंबर होता. एका रविवारी भरल्या पंगतीत त्याने विचारलं, "मावशी, तुमचं सगळ्यांचं संगनमत आहे म्हणे, कॉलेजात लागलंय. मग आमचा दर कमी करा ना." मेंबर खो खो हसले. कमलमावशी हसल्या नाहीत. संध्याकाळी त्या यमुनामावशींच्या दारात आल्या, आत न येता उभ्या राहिल्या आणि विजयाला म्हणाल्या, "आम्ही काय चोर शेतस का वं पोरी?" विजयाने समजावायचा प्रयत्न केला. चोर कुणीच म्हटलं नाही, हे शास्त्र आहे, त्यात शिवी नाही. कमलमावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खुली हरीफाई पाहिजे ना तुले? मंग कर हरीफाई."

आणि त्या गल्लीत हरीफाई आली. कमलमावशींनी दर उतरवला आणि रविवारी शिरा सुरू केला. शेजारणीने ताक फुकट केलं. तिसरीने पापड वाढवले. सगळ्याजणी एकमेकींचे मेंबर ओढत होत्या, पण सगळ्यांत जास्त ओढले गेले ते यमुनामावशींचे. फळीवरची ताटं रोज थोडी थोडी धूळ खाऊ लागली. विजया मला म्हणायची, "पुष्पे, पुस्तकात लिहिलंय तसंच होतंय गं, अगदी ओळीने..." आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता, भीती होती. कारण त्या खानावळीवर घर चालायचं आणि तिचं कॉलेजही. तिला पुढे एम.ए. करायचं होतं, शिकवायचं होतं. खानावळ बुडाली असती तर तीही कुठल्याशा कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायला बसली असती, हे आम्हां दोघींना स्वच्छ दिसत होतं. यमुनामावशी तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते तिला जास्त लागलं.

त्यातच परीक्षा आली, आणि ऐन परीक्षेत यमुनामावशींचं दुखणं वाढलं. पिशवीचं ऑपरेशन, थांबता येणार नाही असं सरकारी दवाखान्यात सांगितलं. गावाहून मामी आली, ती त्यांच्यापाशी राहिली. घरी विजया एकटी आणि जे काही इमानी मेंबर उरले होते त्यांची दोन्ही वेळची भाकरी. एरवी अशा वेळी गल्लीने न सांगता मेंबर वाटून घेतले असते. आता कुणी विचारायलाही आलं नाही. ती पहाटे उठून पीठ मळायची, तव्यासमोर पुस्तक उघडं ठेवायची, भाकऱ्या टाकून अकराच्या पेपरला धावायची, आणि दुपारची पंगत मी नि ती मिळून परतल्यावर वाढायचो. कारीगर बिचारे थांबून राहायचे, पण पाळीला उशीर झाला तर शेठ थोडाच ऐकतो? औद्योगिक अर्थशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला की उद्या ऑपरेशन. विजया ओट्यावर बसून राहिली. मग उठली, सगळी ताटं फळीवरून काढली, पुसली आणि गोणीत भरली. "कमलमावशींकडे देऊन टाकते," ती म्हणाली. "मेंबर त्यांनाच राहू देत. मी हरले. पण माझा पेपर मी सोडणार नाही." मी गोणीचं दुसरं टोक धरलं. आम्हांला दोघींना वाटलं, आपण नमतं घेतोय, यात कुणाला काय वाटायचंय?

दुपार होती. पंगती उठलेल्या, गल्लीतल्या नळावर बायका भांडी घासत बसलेल्या. आम्ही गोणी घेऊन वळलो, आत ताटं वाजत होती. आधी एकीने मान वर केली, मग दुसरीने... आणि पाण्याच्या आवाजाखेरीज सगळं थांबलं. कमलमावशींच्या हातातलं पातेलं खाली पडलं. राखेने भरलेल्या हातांनी त्या उठल्या. "अरे माय वं... यमुना गई का वं?" एक बाई रडायलाच लागली. विजया भांबावली, मीही. आम्हांला कुठे ठाऊक होतं की त्या गल्लीत मेंबरांची ताटं दारातून बाहेर एकदाच निघतात, जिने चूल मांडली ती बाई वारल्यावर? तिच्या घरचं माणूस ती ताटं शेजारणीला नेऊन देतं, म्हणजे आजपासून यांना तू जेवू घाल. यमुनामावशींनी खानावळ घातल्यापासून तसा प्रसंग गल्लीत आलाच नव्हता, मग विजयाला ते कोण सांगणार? ती ओरडली, "माय बरी शे वं! माले उद्या पेपर शे!"

कमलमावशी तशाच पुढे आल्या. मला वाटलं आता मारतात, आणि खरंच त्यांनी विजयाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, राखेचा पंजा तिच्या ड्रेसवर उमटला. "माय जित्ती शे आनि तू ताटे लई उनी?" असं म्हणून तिला छातीशी धरून त्या ढसाढसा रडल्या. त्यांना रडताना त्यापूर्वी कुणी पाहिलं नसावं. मग डोळे पुसले, गोणी स्वतः उचलली आणि आमच्या पुढे चालू लागल्या. यमुनामावशींच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांनी एकेक ताट फळीवर ठेवलं, उपडं. माझं आणि विजयाचंही. बाकीच्या बायका दारात उभ्या होत्या. शेवटचं ताट ठेवून त्या वळल्या. "तू पेपरले जाय. जेवाडानं आम्ही देखसूत." जेवू घालायचं आम्ही बघू, एवढंच बोलून त्या निघून गेल्या. माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात संगनमतावर प्रश्न आलाच. बाहेर आल्यावर मी विजयाला विचारलं, "गल्लीचं लिहिलंस?" ती म्हणाली, "नाही. पुस्तकातलं लिहिलं. गल्लीचं मला अजून कळायचंय." तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. यमुनामावशी शुद्धीवर आल्या होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी कमलमावशी पितळी डबा घेऊन बसल्या होत्या. यमुनामावशी घरी येऊन उभ्या राहिल्या तसे मेंबर परतले, दुसरीकडे ओढले गेलेलेसुद्धा. ताटं सुलटी झाली. शिरा बंद झाला, फुकटचं ताक बंद झालं. दर मात्र पुन्हा बांधला गेला, तोही पहिल्यापेक्षा थोडा वरच. त्या हिशेबाने विजयाचंच बरोबर होतं, आणि ते ती शेवटपर्यंत सांगायची. "कार्टेलच होतं ते, पुष्पे. गरिबांचं असलं म्हणून काय झालं? जेवणाऱ्याला विचारलं होतं का कुणी?" मग म्हणायची, "पण नुसतं कार्टेल नव्हतं."

एम.ए. करून ती कॉलेजात शिकवू लागली. जरीवाला सर निवृत्त झाल्यावर तोच विषय तिच्याकडे आला. तेच चार चौकोन ती फळ्यावर काढायची, आणि तास संपताना त्यांच्या बाहेर एक गोल काढून मुलांना विचारायची, "याला काय म्हणाल?" मुलं हैराण व्हायची. तिने उत्तर कधी दिलं नाही असं तिचे विद्यार्थी सांगतात. लग्न झालं, सायली झाली, आणि सायली लहान असतानाच नवरा अपघातात गेला. त्या काळात ती माझ्याकडे यायची. मी वाढायचे, ती जेवायची. कमलमावशी, यमुनामावशी पाठोपाठ गेल्या. गल्लीत आता पक्की दुमजली घरं झाली आहेत, कारीगर हॉटेलांतून डबे मागवतात. विजयाच्या घरी मात्र ताटांवर नावं कोरायची पद्धत राहिली. सायली शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिचं ताट तिने फळीवर उपडं ठेवलं होतं, सुट्टीत मुलगी आली की सुलटं. नव्या स्वयंपाकघरात ते विचित्र दिसायचं. मी चिडवायचे, "मॅडम, तुमच्या मॉड्युलर किचनला हे शोभत नाही हं." ती म्हणायची, "शोभेला नाही ठेवलेलं."

सगळं आटोपल्यानंतर गेल्या रविवारी सायली माझ्याकडे आली. तिला आता इच्छापोरकडच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे, सुरतेतच राहायचं आहे, एकटीने. पोर वाळून गेली होती. दारातच उभी राहून तिने कापडी पिशवी पुढे केली. "मावशी, आई दवाखान्यात म्हणाली होती, मी गेले की हे पुष्पाकडे नेऊन दे. का ते नाही सांगितलं. म्हणाली, तिला कळेल." मी पिशवीत हात घातला. स्टीलचं ताट होतं. मला वाटलं विजयाचं असेल, आठवण म्हणून पाठवलं असेल... पालथं केलं, उजेडात धरलं. त्यावर नाव होतं सायलीचं.

मी ताट छातीशी धरलं. त्या दुपारी गोणी घेऊन निघाली तेव्हा जिला रिवाज ठाऊक नव्हता, तिने या वेळी तो नीट पाळला होता, आणि पाठवलं होतं ते माझ्या दारात. सायली घाबरली. "मावशी, काय झालं? मी काही चुकीचं आणलं का?" मी म्हटलं, "नाही गं बाळा. बरोबर आणलंस." ताट धुतलं, पुसलं, पाटापुढे सुलटं ठेवलं आणि भाकरीचं पीठ काढलं.

"हात धुऊन ये," मी म्हणाले. "जेवायला बस."